प्रयोगशाळा आणि माजघर : डॉ. कमल रणदिवे यांचे स्मरण

मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे, डॉक्टर व्हावे आणि तिचा विवाहही एखाद्या डॉक्टरशीच व्हावा, अशी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविणारे प्राध्यापक दिनकर दत्तात्रय समर्थ यांची इच्छा होती. त्या काळचा विचार करता ही इच्छा सामान्य नव्हती. १९१७ च्या ८ नोव्हेंबरला जन्मलेली कमल हुजूरपागेत शिकत होती, तेव्हा बहुतेक घरांतून मुलीच्या शिक्षणाची सीमा मॅट्रिकपर्यंत आणि तिच्या भवितव्याची सीमा स्थळापर्यंत आखलेली असे. समर्थांनी मात्र आपल्या सर्व अपत्यांना शिकविले. त्यांची इच्छा पूर्ण झाली ती निराळ्याच रीतीने. कन्येने फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्राविण्यासह पदवी मिळविली, वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढली नाही, विवाह केला तो गणितज्ञाशी, आणि 'डॉक्टर' ही उपाधी नावामागे लागली ती पीएच.डी.ची. तरीही भारतातील कर्करोग आणि कुष्ठरोग यांच्या संशोधनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास डॉ. कमल रणदिवे हे नाव वगळून पुढे जाता येत नाही. रुग्णाच्या नाडीला हात न लावता रुग्णसेवा कशी होते, हे त्यांच्या चरित्रात दिसते.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. आपल्याकडे चरित्रलेख लिहिताना पतीचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. येथे तसे करणे अन्यायाचे होईल. कमलताईंनी एम.एस्सी.साठी निवडलेला विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र. गणितात रमणाऱ्या माणसाचा या विषयाशी संबंध तो काय? तरी त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासात पतीचे मोठे साहाय्य झाले आणि विवाहानंतर चार वर्षांनी, १९४३ मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून ही पदवी त्यांनी मिळविली. विवाहापूर्वी हुशार म्हणून गाजलेल्या किती मुलींची पुस्तके विवाहानंतर माळ्यावर गेली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ज्या घरात ती गेली नाहीत, तेथे कोणीतरी एकाने रोजच्या रोज काहीतरी केलेले असते. त्या करण्याची नोंद मात्र राहत नाही. रणदिवे दांपत्याला एक मुलगा. संसार, मूल आणि संशोधन ही तिन्ही एकाच वेळी चालली.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कमलताईंचे गुरू. कर्करोग ही केवळ शस्त्रक्रियेने कापून टाकावयाची गाठ नसून लोकांच्या सवयी, आहार, चालीरीती यांच्याशी जोडलेली गोष्ट आहे, असे मानणाऱ्या पहिल्या भारतीय संशोधकांपैकी ते एक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. प्राप्त केली. स्तनाचा कर्करोग कमी-अधिक प्रमाणात होणाऱ्या उंदरांच्या चार वंशांतील निरोगी स्तनग्रंथींची तुलना, हा या काळातील त्यांच्या कामाचा विषय होता. रोग झाल्यानंतरच्या गाठीकडे सारे पाहत असताना, रोग होण्यापूर्वीच्या निरोगी ग्रंथीत काही फरक असतो का, हे पाहण्याची ही दृष्टी होती.

त्यामागची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. अमेरिकेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली होती. ज्या वंशाच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग हमखास होतो, त्या वंशाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, निरोगी वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच घटते. म्हणजे केवळ रक्ताचा वारसा पुरेसा नव्हता, दुधातूनही काही येत होते. ते 'काही' म्हणजे एक विषाणू, हे पुढे स्पष्ट झाले. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो, हा प्रश्न कमलताईंनी पुढील आयुष्यभर निरनिराळ्या बाजूंनी हाताळला. (कोणा भगिनीच्या मनात शंका यावयास नको म्हणून येथेच सांगितलेले बरे : हे उंदरांविषयीचे आहे. मानवी आईने बाळाला अंगावर पाजल्याने तिचा स्वतःचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.)

उंदीर हा शब्द आला की जैन वाचकाचे मन थबकते, आणि ते थबकावे हेच योग्य. कमलताईंच्या प्रयोगशाळेत उंदीर वाढविले गेले, त्यांना रोग होऊ दिले गेले, त्यांचे जीव गेले. चरित्राच्या गौरवात ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य, उरलेल्या तीन मात्र त्याच्याकडून पूर्णपणे टळत नाहीत, म्हणून त्या शक्य तितक्या कमी कराव्यात. संशोधकाच्या हातून होणारी हिंसा यांतील कोठल्या खान्यात बसवावयाची? ती उदरनिर्वाहाचा भाग म्हणून उद्योगी म्हणावी, तर सुरी हाती घेण्यामागे संकल्प असतोच. संकल्पी म्हणावी, तर त्या संकल्पाच्या मुळाशी दुसऱ्या जीवाला वेदनामुक्त करण्याची इच्छा आहे. शिवाय जे औषध आज आपण आजारी आईला निःशंकपणे देतो, त्याच्या मागेही हीच वाट आहे. तेव्हा हा प्रश्न शास्त्रज्ञांवर ढकलून मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. याचे उत्तर एका परिच्छेदात देता येईल असे वाटत नाही.

मात्र या प्रश्नाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट कमलताईंच्याच कामात आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पीएच.डी.नंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. गाय हे टिश्यू कल्चरचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत पोषक द्रवावर जिवंत ठेवून वाढविण्याच्या तंत्राचे अग्रणी. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये मानवी पेशींची पहिली 'अमर' मालिका वाढली. ती 'हेला' या नावाने जगभर गेली आणि पोलिओच्या लशीपासून असंख्य संशोधनांना उपयोगी पडली. ज्यांच्या देहातून त्या पेशी घेतल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या गरीब कृष्णवर्णीय आईला त्याची कल्पनाही देण्यात आली नव्हती. त्याच वर्षी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. विज्ञानाच्या खातेवहीत अशी न विचारता घेतलेली देणी पुष्कळ आहेत.

कमलताई हे तंत्र शिकल्या आणि परत आल्या. परत येणे ही त्या काळी गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती, आजही नाही. परदेशी शिकणाऱ्या भारतीय संशोधकांनी मायदेशी यावे आणि आपले ज्ञान येथे लावावे, असे त्या पुढेही आग्रहाने सांगत असत. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. पेशी काचेत वाढवावयाच्या तर त्यांना लागणारे पोषक द्रव आणि अनुषंगिक रसायने यांचा अखंड पुरवठा लागतो, आणि पन्नाशी-साठीच्या दशकात परकीय चलनाची टंचाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना परदेशातून माल मागविणे म्हणजे काय होते हे सांगावयास नको. कमलताईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रव्ये येथेच तयार केली. जंतूचा किंवा बुरशीचा एक कण आत गेला, तर आठवड्यांचे काम वाया जाते. मुंबईच्या पावसाळी हवेत ही शुद्धता राखणे म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक काहीच नव्हे!

याच तंत्राच्या पायावर पुढे जगभर अशा कसोट्या उभ्या राहिल्या, की ज्यांत सजीव प्राण्याऐवजी पेशींवर परीक्षा घेता येते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रयोगांत प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, अशी त्रिसूत्री मांडली. भारतात १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आला, १९६४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमली गेली, १९९८ मध्ये तपशीलवार नियम झाले आणि २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या घेण्यास बंदी आली. कमलताईंनी काचेत पेशी वाढविल्या त्या अहिंसेच्या हेतूने, असा दावा करणे चुकीचे ठरेल. त्यांचा हेतू शास्त्रीय होता. परंतु हिंसा कमी करण्याची वाट ज्या तंत्रातून निघाली, ते या देशात रुजविण्याचे काम त्यांच्या हातून झाले, एवढे निश्चित.

कुष्ठरोगाचे काम या तंत्रातूनच उभे राहिले. ज्या रोगाने माणसाला गावकुसाबाहेर काढले, ज्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून हिणविले गेले, त्याचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता. परंतु तो प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर आजतागायत कोणालाही वाढविता आलेला नाही. रोगाचा जंतूच हाती वाढत नसेल तर लस करावयाची कशी? कर्करोग संशोधन केंद्रात बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या द्रव्यापासून, मज्जातंतूंच्या पेशींच्या कल्चरचे साहाय्य घेऊन, एक जंतू वाढविला आणि १९५८ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नव्हे, त्याचा दूरचा नातलग आहे, हे पुढे ठरले. पण नातलगही कामी येतो. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचा गुण त्यात आढळला, आणि डॉ. मधुकर देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'आयसीआरसी लस' म्हणून ओळखली जाते. दक्षिण भारतात दीड लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांत या लशीने ६५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिल्याचे दिसले. १९५८ ते १९९८ ही चाळीस वर्षे झाली. मूलभूत संशोधन ही अशी मुदत ठेव आहे, की जिची मुदत ठेवीदाराला ठाऊक नसते आणि पुष्कळदा व्याज घ्यावयास तो उरतही नाही. शिवाय १९८१ नंतर अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार जगभर मान्य झाला आणि कुष्ठरोगाच्या लढाईत तेच मुख्य साधन ठरले. लस मागे पडली, म्हणून ते श्रम व्यर्थ गेले असे मात्र नाही. कुष्ठरोगाविरुद्ध माणसाचे शरीर आतून कसे लढते, याचे ज्ञान त्यातून वाढले. या कामासाठी १९६४ मध्ये कमलताईंना वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही त्यांना लाभला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुराही सांभाळली.

आता एक गोष्ट, जी आपल्या घराघरांशी अधिक जवळची आहे. ती म्हणजे सुपारी. तंबाखू हा शब्द आपल्या सप्तव्यसनांच्या यादीत सापडत नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तंबाखू या देशात आलेलीच नव्हती; पोर्तुगीजांबरोबर ती आली. तरीही व्यसनत्यागाचा नियम घेताना आज मुनिमहाराज तंबाखूचे नाव घेतात आणि श्रावक ते मान्य करतात. सुपारीकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. जेवणानंतर तबकात ती येतेच, पाहुण्यापुढे ठेवली जातेच, मंगलकार्यात तर तिच्यावाचून चालत नाही. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. हॅमस्टर नावाच्या लहान प्राण्याच्या गालात एक पिशवी असते. तिला सुपारीचा आणि तंबाखूचा अर्क लावून काय होते, याचा तो अभ्यास होता. केवळ सुपारीच्या अर्कानेही गाठी निर्माण झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विड्याला कर्करोगजनक ठरविले, पण तंबाखूविरहित विड्याविषयी पुरावा पुरेसा नाही असे म्हटले. सुपारी स्वतःच माणसात कर्करोग निर्माण करते, हा निर्णय यावयास २००४ साल उजाडावे लागले. परळच्या प्रयोगशाळेतील इशाऱ्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती. आज पानाच्या टपरीवर लटकणाऱ्या सुगंधी सुपारीच्या पुड्या शाळकरी मुले विकत घेतात, आणि 'तंबाखू नाही ना त्यात' असे म्हणून घरातली मोठी माणसे समाधान मानतात. ज्या प्राण्यांच्या जीवावर हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण निदान ही पुडी बाजूला सारून तरी आपल्याला फेडता येईल.

दोनशेहून अधिक शोधनिबंध कमलताईंच्या नावावर आहेत. परंतु संशोधनाच्या बाहेरचे त्यांचे एक काम या मासिकाच्या वाचकांना अधिक विचार करावयास लावील. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. विज्ञान शिकलेल्या स्त्रिया पुष्कळ, विज्ञानात टिकलेल्या थोड्या, हे त्यांनी डोळ्यांपुढे पाहिले होते. बुद्धी कमी पडते म्हणून त्या गळत नाहीत. मूल कोणाजवळ ठेवावयाचे, नव्या शहरात राहावयाचे कोठे, सासूबाई आजारी पडल्या तर रजा कोणी घ्यावयाची, अशा प्रश्नांपाशी त्या थांबतात. या प्रश्नांना भाषणांत जागा नसते. नवी मुंबईत वाशी येथे संघटनेचे जे संकुल उभे राहिले, त्यात विज्ञानविषयक व्याख्याने होतात, ग्रंथालय आहे. पण त्याचबरोबर नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे, बालवाडी आहे, आरोग्य केंद्र आहे. वैज्ञानिकांच्या संघटनेने पाळणाघर चालवावे, हे एखाद्याला विसंगत वाटेल. वास्तविक त्यातच तिचे मर्म आहे. जयसिंगरावांसारखा पती, समर्थांसारखा पिता आणि खानोलकरांसारखा गुरू ज्या एकीला मिळाला, ती भाग्यवान. परंतु हजारो स्त्रियांची व्यवस्था भाग्यावर सोडता येत नाही, तिला इमारत लागते, दाई लागते, महिन्याचा जमाखर्च लागतो. आपल्या समाजात श्राविकाश्रम उभारणाऱ्या मंडळींनी शिक्षणाच्या बाबतीत हे फार पूर्वी ओळखले होते. शिक्षणानंतरच्या टप्प्यासाठी, म्हणजे शिकलेल्या सुनेला काम चालू ठेवता यावे यासाठी, समाजाच्या किती धर्मशाळांत आणि मंगल कार्यालयांत एखादे पाळणाघर आहे, याचा विश्वस्त मंडळींनी जरूर शोध घ्यावा.

निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याचा अधिकार त्यांना होता. १९८९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची वाट धरली. सह्याद्रीच्या कुशीतला हा डोंगराळ, अतिपावसाचा, आदिवासी वस्तीचा भाग. 'सत्यनिकेतन' या स्वयंसेवी संस्थेच्या माध्यमातून तेथील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. राजूर आणि परिसरातील ग्रामीण स्त्रियांना आरोग्य व औषधोपचार यांविषयी मार्गदर्शन करण्याचे काम महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत झाले. पेशीचे पोषण कोणत्या द्रवावर होते, हे आयुष्यभर काचेच्या नळीत पाहणाऱ्या स्त्रीने उतारवयात डोंगरातल्या मुलांच्या ताटात काय पडते, हे पाहावयास सुरुवात केली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी वाढविलेल्या संशोधन केंद्राची नवी वास्तू पुढे खारघरला उभी राहिली. वाशीच्या संकुलापासून ती फार दूर नाही.